वारलेल्या देवाचा घास

सोबेकदेव पहाटे वारला. वारायला कुणाची हरकत नव्हती, देवालाही कधीतरी जावं लागतंच. फक्त आज नको होतं.

पुजारी मारेस देवळाच्या तळ्याकाठी उकिडवा बसून देवाच्या पोटाला काठी टोचून बघत होता. आठ हात लांब मगर, कानांत सोन्याच्या बाळ्या, पुढच्या पायांत कडी. उताणी, चेहऱ्यावर समाधान.

"अगं, हे हलत नाहीयेत," तो बायकोला म्हणाला.

"कसे हलतील?" तामिस्था म्हणाली. "आला ग्रीक की भरव मधाची पोळी, आला ग्रीक की भरव मधाची पोळी. आपलं राज्य होतं तेव्हा देव मासे खायचा. अंगाने कसा सडपातळ होता म्हणे!"

दुपारी अलेक्झांड्रियाच्या दरबारातून निकानोरसाहेब होडीने येणार होता. देवाने त्याच्या हातून घास घेतला, तर देवळाची शेतं देवळाकडे राहणार. नाही घेतला, तर देवाचं शेतीवरून मन उडालं असं धरून ती ग्रीक शिपायांना वाटून टाकणार. नवा देव म्हणून निवडलेलं पिल्लू होतं, पण ते वीतभर होतं आणि रांजणात राहत होतं.

"गेली शेतं," मारेस म्हणाला.

तामिस्थाचं माहेर प्रेतं मिठात मुरवून पट्ट्या गुंडाळणाऱ्यांचं. तिला मरणाचं एवढं कौतुक नव्हतं. "का जातील? माझे आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, रोज जेवतात. त्यांचं केलं तसं मंत्राने देवाचं तोंड उघडून द्या."

"तो विधी सत्तर दिवसांनी करतात! आधी मीठ, मग पट्ट्या, मग..."

"पाहुणा थांबणारे का सत्तर दिवस? वाकस आणा."

मारेसने लाकूड तासायचा तो वाकस आणला, देवाच्या तोंडाला टेकवला आणि मंत्र सुरू केला. मंत्र मुळात माणसांसाठी होता. 'हे तुझे ओठ' या ओळीपाशी तो अडखळला, कारण मगरीला ओठ नसतात. ते त्याने पुटपुटून नेलं. मग दोघांनी मिळून देवाला पालथं केलं, जबडा उचलला आणि मध्ये वल्ह्याचा तुकडा उभा केला.

निकानोर आला तो काकडीसारखा हिरवा पडून. गेल्या वर्षीचा साहेब इथून आठ बोटं घेऊन परतला होता, आणि अलेक्झांड्रियात ती सगळ्यांनी मोजली होती.

मारेसने वाट बघताना तीन थापा पाठ केल्या होत्या. ऐन वेळी एकही आठवेना. "साहेब," तो म्हणाला, "देव सकाळीच वारले. पण जेवतील."

निकानोरने लांबूनच मान ताणून त्या जबड्यात डोकावलं.

"वारले म्हणजे... पूर्ण?"

"पूर्ण, साहेब."

"चावणार नाहीत?"

"तेवढं सोडलंय त्यांनी."

निकानोरच्या तोंडावर रंग परत आला. त्याची आजी इथलीच होती, हे तो अलेक्झांड्रियात कुणाला सांगत नसे. "माझी आजीसुद्धा आजोबांना रोज भाकरी-कांदा वाढायची," तो हळूच म्हणाला. "गेल्यावर."

पहिला घास त्याने दोन बोटांनी लांबून टाकला. दुसऱ्याला मनगट आत गेलं, चौथ्याला कोपर. "घ्या हो, लाजता काय!" असा आग्रह सुरू झाला. पोळ्या संपल्या तसं त्याने स्वतःचं चीज भरवलं, मग नावाड्याचे ऑलिव्ह. तामिस्था आभाळाकडे बघत उभी राहिली, कारण खाली बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

साहेबाने तिथेच लिहून शिक्का मारला: देवाने माझ्या हातून अकरा घास घेतले. एकदाही नको म्हणाला नाही. शेतं देवळाचीच.

निघताना त्याने मारेसला बाजूला घेतलं. "तोंड उघडायचा हा विधी जिवंत माणसाला चालतो का? दरबारात माझं उघडतच नाही."

"आधी मरावं लागतं, साहेब."

"किती दिवस?"

"सत्तर."

निकानोरने मनातल्या मनात हिशोब केला. "एवढी रजा नाही मिळत," तो म्हणाला आणि होडीत बसला.

पंधरा दिवसांनी अलेक्झांड्रियाहून हुकूम आला: निकानोरसाहेबांचा उत्तम अनुभव पाहता, यापुढे पाहुण्यांसाठी देव वारलेलाच ठेवावा.

मारेसने रांजणात वाकून नव्या देवाला हुकूम वाचून दाखवला. देवाने तो त्याच्या हातून ओढून घेतला आणि शिक्क्यासकट गिळला.

"बघा," तामिस्था म्हणाली, "जिवंत आहेत, तरी जेवतात."