काठ नसलेले पाणी

“त्याचं तोंड कायम देवाकडं राह्यलं पायजे, भागुजी. जराबी हाललं न्हाई पायजे,” सोफ्यावर मांडी घालून बसलेले कुंडलिकशेठ म्हणाले.

भागुजी फरशीवर उकिडवा बसून काचेच्या टाकीच्या मापासाठी मोजपट्टी उलगडीत होता. त्याने मान वर केली. “कासव जितं हाय न्हवं, शेठ?”

“मग काय मेल्यालं आणलंय व्हय? जावयानं पुण्यातनं आणलंय. वास्तूवाला म्हणला, हालमंदी कासव ठिवा, लक्ष्मी ठरती.”

“जितं जनावर हाय. वळणारच की.”

“देवळातलं कासव वळतं का कवा?”

“ते दगडाचं असतंय.”

“तुला देवळातलं काय ठावं? तू कवा आत आला?” शेठ हसले, आणि त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाई त्यांच्याहून मोठ्याने हसल्या.

भागुजीने ते वाक्य गिळले. साठ वर्षांच्या आयुष्यात त्याने अशी पुष्कळ वाक्ये गिळली होती. ती पचत नाहीत, नुसती साठत जातात, हे त्याला अनुभवाने ज्ञात झाले होते.

दोन हजार तीन सालचा तो माघ महिना होता. आळे गावात कुंडलिकशेठांचा बंगला नुकताच उभा राहिला होता. टोमॅटोच्या आडतीवर तीन वर्षे त्यांना भलतीच बरकत आली होती. पैसा माणसाला मोठा करतो असे म्हणतात. शेठांना त्याने केवळ रुंद केले होते. बंगल्यात पुस्तक एकही नव्हते, मात्र काचेचे कपाट होते आणि त्यात न वापरलेल्या कपबशा मांडलेल्या होत्या.

कासव पितळी घंगाळात होते. तळहाताएवढे, हिरवे, डोळ्यांमागे तांबडा पट्टा असलेले. घंगाळ काठोकाठ भरलेले होते आणि पाण्यावर हळदकुंकू व झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. ते मुके जनावर पितळेला नख्या लावून वर चढू पाहत होते आणि घसरत होते. त्याचे डोळे सुजले होते. भागुजीने त्याला उचलून पाठ दाबून पाहिली. पाठ कडेने मऊ लागली.

“ह्याला ऊन न्हाई मिळालं,” तो म्हणाला. “ह्याला पवायला तीन फूट लांब टाकी पायजे. एका अंगाला कोरडा दगड पायजे, वर चढून बसाया. अन् दगडावर दिवसभर बल्ब. अंग सुकलं न्हाई तर हे मरतंय.”

“गादी-उशी न्हाई का सांगितली?” शेठ म्हणाले. “दीड फूट लांब कर. रुंदीला त्याच्या अंगाएवढीच. जागाच न्हाई म्हणल्यावर वळंल कुठून?”

“अन् दिवा देवापुढं लागतो,” इंद्रायणीबाईंनी पुस्ती जोडली. “कासवापुढं लावल्याला मी तरी न्हाई बगितला.”

भागुजीला कासवांचे ज्ञान कोणा ग्रंथातून प्राप्त झालेले नव्हते. तीस वर्षे त्याने धरणाकाठच्या एका मत्स्यबीज केंद्रावर रोजंदारी केली होती, आणि तेथे त्याचे मुख्य काम कासवे हाकलण्याचे होते. धरणातली कासवे रात्री तळ्यात शिरून मत्स्यबीज खात आणि सकाळी बांधावर ऊन घेत पसरत. भागुजी काठी घेऊन त्यांना पाण्यात लोटी. पाठ फिरताच ती पुन्हा वर येत. माणूस ज्याच्याशी तीस वर्षे वैर करतो, त्याला तो सख्ख्या भावापेक्षा अधिक ओळखतो. ती रोजंदारी सुटल्यावर तो जुन्नरच्या पेठेत काचा कापून दवाखान्यांसाठी माशांच्या टाक्या चिकटवीत असे. त्याच्या टाकीतून कधी थेंब गळला नव्हता. एवढी एकच गोष्ट या जगात त्याच्या नावावर होती.

घरी आल्यावर त्याने पत्नीला, फुलाबाईला, सर्व हकीकत सांगितली. ती म्हणाली, “त्यो म्हणतोय तशी द्या करून. आपल्याला काय करायचंय?”

“तशी केली तर ती टाकी न्हाई व्हायची, फुले. तिरडी व्हईल.”

त्याने तीन फुटांचीच टाकी केली. काचेच्या कडा पाणी लावून दगडावर घासून मऊ केल्या, जोड चिकटवून दोन दिवस सुकू दिले. एका टोकाला शहाबादी फरशीचा खडबडीत तुकडा उतरता बसविला आणि त्यावर साठ वॅटचा बल्ब टांगला. भाजीच्या टेम्पोत गोधडीवर निजवून, स्वतः शेजारी बसून, त्याने ती आळ्याला नेली.

त्या दिवशी बंगल्यात हळदीकुंकू होते. चाळीसएक बाया दिवाणखान्यात दाटल्या होत्या. टाकी पाहताच शेठांच्या कपाळावर आठी चढली, परंतु बायांनी “अगो बया, केवढी मोठी!” असे म्हटल्याबरोबर आठी उतरली. मोठेपणा हा एकच गुण त्यांना समजत असे.

भागुजीने कासव पाण्यात सोडले. त्याने एक बुडी मारली, लांबवर पोहून पाहिले, परत आले, फरशीवर चढले आणि बल्बखाली मान लांब करून पसरले. त्याने मागचे दोन्ही पाय ताणून धरले होते. एवढ्या दिवसांत प्रथमच ते सुखात दिसत होते.

कासवाचे शेपूट मात्र नेमके देव्हाऱ्याकडे होते.

“देवाला पाठ दाखवली की वं!” एक म्हातारी कुजबुजली.

इंद्रायणीबाईंनी कासव उचलून फिरविले. ते वळले आणि पुन्हा तसेच बसले. तीन वेळा असे झाले. चौथ्या वेळी कोणीतरी पदराआड खुदकले. शेठांचे तोंड त्यांच्याच टोमॅटोसारखे झाले.

“संपत!” त्यांनी देव्हारा बसविणाऱ्या सुताराला हाक मारली. “दोन प्लायच्या पट्ट्या घाल आत. मधी त्याच्या अंगाएवढी फट ठिव. अन् ती फरशी काढून टाक.”

“शेठ, हात जोडतो,” भागुजी म्हणाला. “नुसता बल्ब देवाच्या बाजूला घेऊ. त्ये ऊब बघून आपसूक तिकडं तोंड करंल.”

“म्हंजे त्ये देवाला न्हाई, बल्बाला पाया पडणार?”

“त्ये कुणाच्याच पाया पडत न्हाई, शेठ. जनावर हाय त्ये. पाया पडायला माणसंच लागत्यात.”

चाळीस बायांदेखत हे वाक्य बोलले गेले. साठ वर्षांत साठलेल्यांपैकी ते एक असावे. शेठ उठून उभे राहिले आणि दाराकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, “भायेर.” संपत पट्ट्या कापू लागला. त्याने भागुजीकडे पाहिले नाही.

चैत्रात तोच संपत जुन्नरला भागुजीच्या दुकानाशी येऊन थांबला. सायकलवरून न उतरताच तो बोलला.

“भागुजीभाऊ, त्ये कासव फटीत अडकलं राव. खाईना, पाण्याला वास सुटला. मग शेठनी इहिरीत टाकलं.”

“कुठल्या इहिरीत?”

“नव्या. बंगल्यामागं. कासवानं पाणी निर्मळ ऱ्हातं म्हणून.”

विहिरीत कासव सोडण्याची चाल या मुलखात फार जुनी आहे. परंतु ती चाल ज्यांनी पाडली त्यांच्या विहिरी दगडांनी बांधलेल्या असत. त्यांना पायऱ्या असत, कपारी असत. शेठांची विहीर एकावर एक रचलेल्या सिमेंटच्या गोल कड्यांची होती. शहाणपण वाडवडिलांचे घ्यावे आणि विहीर मात्र आपली बांधावी, असा हा प्रकार होता.

भागुजी दुसऱ्याच दिवशी सकाळी एसटीने निघाला. सोबत त्याने सावरीच्या लाकडाची हलकी फळी आणि दोर घेतला. बंगल्याच्या मागच्या ओट्यावर इंद्रायणीबाई मिरच्या वाळत घालीत होत्या.

“आता काय आणलं?”

“फळी हाय, बाई. इहिरीत सोडतो. बसाया काय तरी पायजे त्याला.”

“एवढी इहीर दिली आख्खी, तरी रडगाणं हायेच! सोडा काय सोडायचं त्ये. शेठ फाट्यावर गेल्यात, त्ये यायच्या आत आटपा.”

तो विहिरीच्या काठावर पालथा पडून आत पाहू लागला. भिंती सरळ आणि गुळगुळीत होत्या. पाणी वीस फूट खाली, काळे. पुष्कळ वेळाने त्याला ते दिसले. भिंतीला लागून ते गोल फिरत होते. थोडे पोहावे, सिमेंटला नख्या लावाव्यात, घसरावे, पुन्हा पोहावे. किती दिवस ते असे फिरत होते, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते.

भागुजीने फळी दोराने खाली सोडली. तिच्या हादऱ्याने ते बुडाले. तो वाट पाहत राहिला. सूर्य माथ्यावर आला तेव्हा उन्हाची एक थाळी पाण्यावर उतरली. भागुजीने दोर ओढून फळी त्या उन्हात आणली. कासव वर आले, फळीभोवती एकदा फिरले, पुढचे दोन पाय तिच्यावर ठेवून तसेच लोंबकळले, आणि मग सगळे अंग वर घेतले.

“झालं का न्हाई अजून?” ओट्यावरून आवाज आला. “पावणं, तुमची एसटी जाईल!”

खाली उन्हाची थाळी भिंतीकडे सरकू लागली होती. कासव हलू नये म्हणून श्वास रोखून भागुजीने दोर बोटभर ओढला, आणि ऊन सरकेल तशी फळी तो सरकवीत राहिला.