शेवाळाचं तेवढं बघा

मी शेवाळ बोलतंय. नाक मुरडू नका. न्हाणीघरात पाय घसरवणारं ते मी नव्हे. ते माझं फक्त नावापुरतं भावंड, आणि त्या नावानंच माझा घात केलाय.

माझी आई म्हणजे डोंगरापलीकडची दलदल. तिथे माझे पूर्वज हजारो वर्षं थरावर थर मरत, दबत गेले आणि त्यांची काळी, हलकी माती झाली. नर्सरीवाले तिला पीट म्हणतात आणि कुंड्या भरायला पोत्यांनी उपसून नेतात. आई आता एका कोपऱ्यापुरती उरलीय.

तिथूनच माझ्या मालकीणबाईंनी मला टोपलीभर आणलं, बारीक चिरून उथळ वाफ्यांत पसरलं, वर पेंढा टाकला. पीटऐवजी मलाच वाळवून कुंड्यांत घालायचं, आणि कापलं की मी पुन्हा वाढायचं, असा त्यांचा बेत. तीन वर्षं त्यांनी मला निव्वळ वरच्या टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर पोसलं. क्षाराचं पाणी मला विषासारखं.

दलदल उपसणारा नर्सरीवाला बाईंना म्हणाला, "शुक्रवारी माल बघतो. पसंत पडला तर दलदलीला हात लावणार नाही. नाहीतर पोकलेन आहेच."

बाईंचे सासरे, आबा, जन्मभर पाणीपुरवठ्याच्या टाक्या साफ करत आले. मला ते कायम 'सूनबाईंचं गवत' म्हणतात. परवा बहिणीकडे निघताना बाई घाईत म्हणाल्या, "आबा, शेवाळाचं तेवढं बघा हं."

"बघतो की! तू येईपर्यंत औषधालाही सापडायचं नाही."

आबांची नेहमीची थट्टा समजून बाई हसल्या आणि गेल्या. मला मात्र धडकी भरली.

आबांनी वरच्या टाकीत हिरवी बुळबुळ पाहिली, पोतंभर चुना ओतला आणि बांबूनं ढवळला. आज सकाळी ते पाणी वाफ्यांत सोडलं. पाट पांढरा वाहू लागला. दुपारपर्यंत पहिला वाफा फिकट पडला, मग दुसरा. मी काठाकाठानं मरत होतं.

आबांनी खुशीत फोन लावला. "सूनबाई, चुना टाकून टाकी लख्ख केली बघ. तुझ्या गवतालाही भरपूर पाणी सोडलंय."

पलीकडून बाई म्हणाल्या, "आबा, ते गवतच शेवाळ हो."

आबांनी धावत जाऊन पाणी बंद केलं. आता ते शेवटच्या वाफ्याशी बसून ओंजळीनं पाणी उपसताहेत. आबा, माझा तुमच्यावर राग नाही. मूठभर हिरवं उरलं तरी मी पुन्हा वाढेन. पण उद्या शुक्रवार, आणि पोकलेन आजच दलदलीच्या काठाशी नेऊन उभं केलंय. कुणीतरी त्या नर्सरीवाल्याला थांबवा. माझ्या आईला पुन्हा जमायला हजारो वर्षं लागतील.