परदेशी वास्तव्याचे अठ्ठ्याहत्तर दिवस

"परदेशी वास्तव्य, शून्य दिवस. असं लिहा," समितीचे अध्यक्ष डॉक्टर वेंत्सेल मला म्हणाले आणि माझं पेन तिथेच अडलं.

एकतीस वर्षं मी विद्यापीठाच्या या कार्यालयात बैठकांची इतिवृत्तं लिहितेय. समितीतले लोक बोलतात, मी लिहिते. मध्ये तोंड घालायची माझी पद्धत नाही आणि मला कुणी विचारतही नाही. पण समोरच्या खुर्चीत ब्रोनिस्लावा हेच्को, म्हणजे सगळ्यांची ब्रोन्या, बसली होती. सत्तावन्न वर्षांची बाई, कडक इस्त्रीचा पांढरा ब्लाउज, तोंडावर मास्क, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. तिच्यासमोर तो शून्य माझ्याच्याने लिहवेना.

आमचं गाव ओल्झा नदीच्या दोन काठांवर आहे. हा काठ पोलंडचा, तो काठ चेक लोकांचा. मधला पूल चालत ओलांडेपर्यंत एखादी सिगारेटसुद्धा पुरी ओढून होत नाही. ब्रोन्या राहायची या काठाला आणि सत्तावीस वर्षं काम करायची त्या काठाच्या वृद्धाश्रमात. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, भरवायचं, कुशीवर वळवायचं. सकाळी जायची, संध्याकाळी घरी. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाईच्या डोक्यात आलं की आपण पदवी घ्यायची, आणि तीही युरोप अभ्यासाची. आमच्याकडे शनिवार-रविवारचे वर्ग असतात, तिथे तिने नाव घातलं. तेव्हा मीच तिला खिडकीतून विचारलं होतं की हे सगळं कशासाठी. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी युरोपची ढुंगणं धुतेय. आता त्याचं डोकं कसं चालतं तेही बघते."

मला बाई तिथेच आवडली. अर्थात, दाखवलं नाही. कार्यालयातल्या बाईने हसायचं नसतं, हसली की विद्यार्थी डोक्यावर बसतात.

शनिवारी तिचे वडील, आल्फ्रेडकाका, तिला गाडीने आणून सोडायचे आणि वर्ग सुटेपर्यंत माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून शब्दकोडं सोडवायचे. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर रेल्वेत सांधेवाला होता. मुलगी आज कायदा शिकतेय की अर्थशास्त्र, हे त्यांना वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ असायचं. मधूनच मला विचारायचे, "उर्शुलाबाई, आता किती राहिलं हिचं?"

तर राहिलं होतं एवढंच. एकशे ऐंशी श्रेयांक लागतात, ते तिने भरले. इतिहास झाला, कायदा झाला, अर्थशास्त्रात एकदा आपटली आणि पुन्हा बसून सुटली. दोन परक्या भाषा लागतात. जर्मन रडतखडत झाली. चेक भाषेच्या तोंडी परीक्षेत तिने परीक्षकांना अंथरुणातल्या जखमांबद्दल अशी काही माहिती दिली की त्यांनी पैकीच्या पैकी गुण देऊन तिला लवकर बाहेर पाठवलं. प्रबंधही लिहून तयार होता. अडलं होतं फक्त परदेशी वास्तव्य. सत्तर दिवस, सलग, स्वेच्छेने, आणि जाण्याआधी अर्ज कार्यालयात दिलेला हवा.

आता, ब्रोन्या रोज परदेशात जायची. पण झोपायला घरी यायची ना. डॉक्टर वेंत्सेल म्हणाले होते की रोजची ये-जा म्हणजे वास्तव्य नव्हे. माणूस वाईट नाही, पण नियमावली उशाशी घेऊन झोपणारा. ब्रोन्या त्यावर खूप हसली आणि कबूल झाली. उन्हाळ्यात वृद्धाश्रमातच एक खोली घेऊन सत्तर दिवस सलग राहायचं तिने ठरवलं. आल्फ्रेडकाका म्हणाले की खिडकीत लाल पडदा लाव, म्हणजे मला स्वयंपाकघरातून परदेश दिसेल.

तो अर्ज घेऊन ती माझ्याकडे आली त्या दिवशी मंगळवार होता, दहा मार्च दोन हजार वीस. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. माझी खिडकी दहा ते एक. मी काचेमागे सूप पीत होते. तिने काचेवर टकटक केलं, अर्ज वर धरून दाखवला. पाळीवरून थेट आली होती, पायांत अजून कामाच्या पांढऱ्या चपला. मी घड्याळाकडे बोट केलं आणि सांगितलं, "गुरुवारी या." बुधवारी खिडकी बंदच असते. ती परत गेली. गुरुवारी विद्यापीठच बंद झालं, साथीमुळे.

पुढे मार्चच्या शेवटी सरकारने नियम काढला की पलीकडून कामावरून येणाऱ्याने चौदा दिवस घरात कोंडून घ्यायचं. म्हणजे रोजची ये-जा संपली. एक तर घरी राहा, नाहीतर तिकडे राहा. ब्रोन्या सत्तावीस मार्चला एक बॅग घेऊन पूल ओलांडून गेली ती बारा जूनपर्यंत तिकडेच राहिली. व्यायामाच्या खोलीत चटईवर झोपायची. नदीच्या दोन्ही काठांना तेव्हा माणसं उभी राहून एकमेकांशी ओरडून बोलत. आल्फ्रेडकाका दर रविवारी काठावर जायचे. एप्रिलमध्ये एका सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

ही सगळी हकिगत मला तुकड्या-तुकड्यांनी कळली. कार्यालय बंद, मी घरी, दुसऱ्यांच्या चौकशा करण्यावाचून काम काय होतं मला. आणि प्रत्येक तुकड्यागणिक मला ती एक वाजून दहा मिनिटं आठवायची. सांगते, खोटं कशाला बोलू, त्या महिन्यांत सूप माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

सप्टेंबरात तिघांची समिती बसली. ही शेवटचीच. युरोप अभ्यासाचा आमचा वर्ग त्या वर्षी बंद होणार होता, ब्रोन्याची तुकडी अखेरची. पुढच्या वर्षी पुन्हा या, असं तिला सांगायची सोयच नव्हती. आता पदवी मिळाली तर मिळाली, नाहीतर तीन वर्षांचे शनिवार-रविवार पाण्यात.

डॉक्टर वेंत्सेल यांनी आक्षेप सांगितले. अर्ज आधी दिलेला नाही. शिवाय हे वास्तव्य स्वेच्छेचं कसं म्हणायचं, परिस्थितीने अडकून पडलेली ती नोकरी आहे. म्हणून शून्य. मी पेन खाली ठेवलं आणि थोडी विश्रांती घेऊ या, असं म्हटलं. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा बैठक थांबवली. सगळे इतके चकित झाले की उठलेच.

बाहेर बोळात डॉक्टर माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले की मलाही हे बरं वाटत नाही. मार्चच्या आवक नोंदवहीत तो अर्ज नोंदलेला असता तर पहिला मुद्दा निकालात निघाला असता. मग म्हणाले, "नोंदवही तुमच्याच ताब्यात असते ना, उर्शुलाबाई?"

मी कपाट उघडून वही काढली. दहा मार्चचं पान. शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी कोऱ्या होत्या. तेच पेन, तीच शाई, तेच माझं अक्षर. कुत्र्यालाही कळलं नसतं. ब्रोन्या मागे येऊन उभी होती. तिने पान पाहिलं आणि वही माझ्या हातातून घेऊन मिटली. म्हणाली की असं नको. ते दिवस मी खरे काढलेत, ते खोट्याच्या आधारावर उभे करू नका.

मला शरम वाटली, आणि रागही आला, स्वतःचाच. ती ओळ घुसवली असती तर ब्रोन्याचं काम झालंच असतं, वर मीही सज्जन ठरले असते. मी अर्ज घेतला, मी नोंदवला, किती तत्पर बाई. छे! एवढी स्वस्तात मी सुटणार नव्हते.

आत गेल्यावर मी न बसता बोलले. "इतिवृत्तात लिहायचंय म्हणून सांगते. विद्यार्थिनीने दहा मार्चला, एक वाजून दहा मिनिटांनी अर्ज आणला. कार्यालयाने तो घेतला नाही. कार्यालय म्हणजे मी."

डॉक्टर म्हणाले की खिडकीची वेळ एकपर्यंतच आहे, तेव्हा त्यात तुमची चूक नाही. मी नियमावली त्यांच्यापुढे ठेवली, पान नऊ. त्यात अर्ज स्वीकारण्याची वेळ तीनपर्यंत दिली आहे. एकची पाटी माझी. चौऱ्याण्णव साली मीच दुकानातून आणली आणि मीच लावली, दुपारी डोकं शांत राहावं म्हणून. सव्वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि एकाही अधिष्ठात्याने वाचलं नाही. म्हणजे अर्ज वेळेत आणलेला होता, आणि तो नाकारायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

मग डॉक्टर वेंत्सेल म्हणाले, "बाई, हे लिहिलंत तर तुमच्यावर येईल. निवृत्तीला किती राहिलंय तुमच्या?"

"सात महिने. येऊ द्या."

आणि मी लिहिलं. ठळक अक्षरात, त्यांच्या डोळ्यांदेखत.

आता दुसरा मुद्दा राहिला, स्वेच्छेचा. तो त्यांनी ब्रोन्याला विचारला, जरा चाचरतच, की तुम्ही तिथे अडकला होतात, बरोबर ना. ब्रोन्याने मास्क नीट केला. तिचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, मोठा नाही, लहान नाही.

"आमच्या मुख्य बाईंनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कोण राहतंय. मी हात वर केला. बेचाळीस म्हातारी माणसं होती. बळजबरी कुणी केली नाही, साहेब. पूल इकडे यायला उघडाच होता. बाबा गेले तेव्हा मी येऊ शकत होते. पण आले असते तर चौदा दिवस घरात कोंडून, दफनाला जाता आलंच नसतं, आणि परत कामावरही जाता आलं नसतं. तिकडे तीन जण तापात होते. मी विचार केला आणि राहिले. बावीस एप्रिलला शववाहिनीच्या ड्रायव्हरने नदीकाठी गाडी थांबवली आणि मागचं दार उघडलं. मी त्या काठावर, बाबा या काठावर. पाच मिनिटं. मग त्याने दार लावलं आणि मी दुपारच्या पाळीला गेले. आता याला स्वेच्छा म्हणायचं नसेल तर तुम्हीच दुसरा शब्द सांगा, मी अर्जात भरते."

समितीतल्या कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापिका खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टर वेंत्सेल यांनी चष्मा काढून पुसला, मास्कमुळे काचांवर वाफ धरल्यासारखा. मतं घेतली तेव्हा तिन्ही हात वर गेले, त्यांचा सगळ्यात आधी.

माझ्यावर यायचं ते पंधरा दिवसांत आलं. लेखी ताकीद, विद्यापीठप्रमुख रेक्टरांच्या सहीची. कर्मचाऱ्यांच्या फाइली आमच्या विभागात मीच लावते, त्यामुळे ती माझ्या फाइलीत मीच भोक पाडून लावली. सरळ लागली. माझ्या जागेवर येणार असलेली मुलगी म्हणाली की फेरविचाराचा अर्ज करा, ही ताकीद निघू शकते. मी तिला म्हटलं, राहू दे, खरी आहे ती.

ऑक्टोबरात पदव्या आल्या. समारंभ नव्हता, साथ पुन्हा वाढली होती. एकेकाने यायचं, सही करायची, पाकीट घेऊन जायचं. ब्रोन्या काळ्या कोटात आली, एकटीच. तिने पाकीट तिथेच फोडलं. पदवीच्या कागदाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. जोडपत्रक काढलं, ज्यात सगळे विषय आणि गुण असतात, आणि बोटाने ओळी उतरत खाली आली. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, चेक भाषा. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. परदेशी वास्तव्य, चेक प्रजासत्ताक, अठ्ठ्याहत्तर दिवस.

"यात बावीस एप्रिल धरलाय ना?" तिने विचारलं.

"धरलाय," मी म्हटलं.

तिने कागद पाकिटात घातला, पाकीट कोटाच्या आत ठेवलं आणि वरपर्यंत बटणं लावली. दोनची पाळी होती तिची. ती पुलाकडे गेली.