राखीचं हसू

पूर्वी वस्तीत राहणाऱ्या कलाबाईंनी हॉलच्या दाराशी चपला काढल्या, राखीच्या चित्रापाशी जाऊन पिशवीतली शेवंतीची चार फुलं खाली ठेवली आणि हात जोडले. मग शेजारी उभ्या असलेल्या सुलाबाईचा हात धरून त्यांनी विचारलं, "कधी गं झालं हे? आम्हाला कळवलं पण नाय."

सुलाबाईने ती फुलं उचलली आणि नवऱ्याच्या पुढ्यात टाकली. "जिती हाय माझी पोरगी! काय काढून ठेवलंय तुम्ही हे?"

सहादू पेंटरला तेव्हा कुठे आपली चूक दिसली. चाळीस वर्षं त्याने नाशिकच्या वस्त्यांतली माणसं रंगवली होती, पण सगळी गेलेली. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला की घरचे लोक एखादा लहानसा फोटो घेऊन त्याच्याकडे येत. मागे फिकट निळा रंग, डोक्याभोवती थोडा उजेड, मिटलेले ओठ, शांत नजर. त्याचा हात बसला होता. पोटच्या पोरीचं चित्र काढायला बसला तेव्हाही हात त्याच वाटेने गेला, आणि या शहाण्याला ते कळलंही नाही. उलट हुबेहूब जमलं म्हणून स्वारी खूश होती.

राखी चार वर्षांपासून तुरुंगात होती. सुरगाण्याकडच्या लोकांच्या वनजमिनीसाठी निघणाऱ्या मोर्चांत ती पुढे असायची. एका सकाळी पोलीस तिला घरातून घेऊन गेले. खटला अजून उभा राहिला नव्हता. तिच्यासारख्या नऊ जणांची चित्रं मोर्चांतली तिची सोबतीण हर्षाली आणि तिच्या मित्रमंडळींनी शालिमारजवळच्या या हॉलमध्ये लावली होती. चित्र बघायचं, आतल्या माणसाला कार्ड लिहायचं आणि खालच्या डब्यात टाकायचं. बाकीचे डबे भरत आले होते. राखीच्या चित्रापुढे मात्र लोक मान खाली घालून पुढे सरकत होते. गेलेल्या माणसाला पत्र कोण लिहिणार?

"काका, राहू द्या आता," हर्षाली म्हणाली.

"नाय बाई. रंग हायेत माझ्याजवळ."

त्याने तिथेच स्टूल ओढलं. डोक्यामागचा उजेड पुसला, निळ्यावर घरच्या भिंतीचा पिवळा चढवला. ओठांपाशी मात्र ब्रश अडला. हसती करायची तर दात दाखवायला हवेत, आणि दात त्याने आयुष्यात कधी रंगवले नव्हते.

"सुले, तिचा एक दात वर चढलेला व्हता ना? कुठल्या बाजूचा?"

"डाव्या. नाय, उजव्या."

"नक्की सांग."

सुलाबाईने डोळे मिटून आठवून पाहिलं. "ध्यानात येत नाय वो." तिला रडू फुटलं. "येईल कसं? मीच वरडायची तिला, पोरीच्या जातीनं दात काय काढायचे म्हणून. तवापासनं तोंडावर हात धरूनच हसायची."

तुरुंगातल्या मुलाखतीलाही राखी काचेपलीकडून तशीच हसायची. सहादूला ते आठवलं आणि फार वाईट वाटलं. मग त्याने तिचा हातच रंगवला. तोंडावर तळवा, थोडी फाकलेली बोटं, वर आलेले गाल, बारीक झालेले डोळे.

संध्याकाळी त्या चित्रापुढे गर्दी जमली. "तोंड दाबलंय बघा तिचं," एक प्राध्यापक बायकोला समजावून सांगत होते. "केवढं मोठं बोललाय हा चित्रकार!" दोघांनीही कार्ड लिहिलं. त्यांच्यामागच्या चौघांनीही लिहिलं. डबा भरतोय ना, मग लोकांना काय दिसायचं ते दिसू दे, असं सहादूने मनाला बजावलं.

हॉल रिकामा होत आला तेव्हा सुलाबाई हर्षालीजवळ गेली. "मला पण एक कार्ड दे. नाय, तूच लिही, मला येत नाय."

"सांगा ना मावशी."

चित्राकडे बघत सुलाबाई म्हणाली, "लिही. राखी, आता आम्ही भेटाय येऊ तवा तोंडावर हात नको धरू. आई काय म्हणणार नाय."