सात महिन्यांचं लॉगिन

हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सिस्टिमवाल्या बाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. धाकटी बहीण वरच्या मजल्यावर ऑपरेशनचा गाऊन घालून बसलेली, आणि खालच्या लॅबमधून तिच्या रक्तजुळणीचा रिपोर्ट काही केल्या वर पोचेना. हाती नेलेला कागद तिथे चालत नाही. तपासणाऱ्याच्या लॉगिनवरून निघालेला रिपोर्ट स्क्रीनवरच दिसायला हवा. बाराच्या आत आला नाही, तर आजचं ऑपरेशन रद्द.

घोळ कुणी घातला हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. रिपोर्ट जिथे जमा होत तो जुना सर्व्हर त्यांनीच काल मोठ्या हौसेने मोडीत काढला, लॅबला न विचारता. रिपोर्ट कुठे पाठवायचा हे एका ओळीत लिहिलेलं असतं. नव्या पत्त्याची ती ओळ त्यांनी घातली कुठे, तर स्वतःच्याच प्रोफाइल फाइलमध्ये. त्यांनी लॉगिन केलं की सगळं झकास, बाकीच्यांच्या नशिबी जुनाच पत्ता. डोकं गहाण टाकलं होतं की काय कोण जाणे! आणि हे कुणाला सांगायची त्यांची छाती होईना.

साडेअकराला त्यांनी ती ओळ सगळ्यांसाठी असलेल्या फाइलमध्ये हलवली आणि जिना उतरून लॅबमध्ये धावल्या. तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, ज्यांना सगळेच आक्का म्हणत, त्यांनीच ही रक्तजुळणी तपासली होती. त्यांनी बटण दाबलं. रिपोर्ट पुन्हा जुन्याच पत्त्यावर गेला, जिथे आता कुणीच नव्हतं.

तेव्हा कुठे बाईंची ट्यूब पेटली. ती फाइल वाचली जाते फक्त लॉगिन करताना, आणि आक्कांचं लॉगिन होतं सात महिन्यांपूर्वीचं! एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करा, एवढंच त्यांनी सांगितलं. आक्कांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, जेवून आल्यावर करते. मग माऊसच नीट चालत नाही म्हणाल्या. पावणेबारा वाजले आणि बाईंचा धीर सुटला.

“आक्का, वर माझी बहीण आहे.”

आक्कांचा माऊसवरचा हात खाली आला.

“मला पासवर्ड आठवत नाही गं,” त्या हळूच म्हणाल्या. “रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत माझी. म्हातारी विसरायला लागली म्हणतील, म्हणून लॉगआउट कधी केलंच नाही.”

बाईंचा तोंडाशी आलेला राग जागच्या जागी जिरला. सात महिने ही बाई रोज धाकधुकीत या खुर्चीवर बसत होती. नवा पासवर्ड करून द्यायला अर्धं मिनिट लागलं. आक्कांनी तो दोन बोटांनी टाइप केला, चुकल्या, परत केला. रिपोर्ट गेला. बाराला सहा मिनिटं कमी होती.

वरून फोन आला, बहिणीला आत घेतलंय. बाई स्टुलावर बसल्या.

“पासवर्डचं कुणाला बोलू नकोस हं.”

“नाही बोलणार. पण सर्व्हर मी न विचारता काढला, आक्का. ते मात्र आत्ता जाऊन साहेबांना सांगते.”

“आधी वर जा,” आक्का म्हणाल्या. “साहेब कुठे पळून जात नाहीत.”