वाकोल्याच्या लसपेटीची तक्रार

मी एक जुनी लसपेटी आहे, मित्रांनो, आणि अगदी वैतागलेली आहे. माझा रंग निळा, पट्टा दोनदा शिवलेला. कारखान्यातून आले तेव्हा चकचकीत होते. पोटात बर्फ आणि लसीच्या कुप्या घेऊन मी वाकोल्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. लोक मला कौतुकाने पंख्याखाली ठेवत. उन्हाचा मला त्रास नाही. दारातून परत पाठवलं की मात्र जीव जळतो.

हा नकार जुनाच आहे म्हणे. आमच्या डॉक्टरबाई सांगतात, दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत देवीची लस आली तेव्हा काही पाद्री म्हणाले, गाईचा अंश माणसात घालणं पाप आहे, आणि देवाने पाठवलेला रोग अडवणारे आपण कोण? त्याच वेळी दुसरे पाद्री आपल्या हाताने गावकऱ्यांना टोचत होते.

गोवर-रुबेलाची मोहीम होती. आमच्या आरोग्य केंद्राच्या नर्स संघमित्रा सिस्टरने मला माणिकच्या ओट्यावर ठेवलं. माणिक ख्रिस्ती, देवभोळा, सरळ माणूस. त्याची मुलगी उत्तरा नऊ वर्षांची.

"सिस्टर, ही लस पाडलेल्या गर्भापासून बनते. मी मोबाइलवर वाचलंय. आपल्याला नाही चालणार."

"खोटं नाही बोलत, माणिकभाऊ. साठ वर्षांपूर्वी तशा गर्भाच्या पेशी घेतल्या, त्याच आजवर वाढवत आणल्यात. आता त्यासाठी कुणी गर्भ पाडत नाही. तुमच्या पास्टरांनीपण आपल्या मुलांना टोचलं ना?"

"त्यांचं ते बघतील. पोटातल्या बाळांचं पाप मी नाही घेणार."

मला त्याचा राग आला, तरी तो ढोंगी नव्हता. आम्ही निघालो.

दोन महिन्यांनी त्याच दारात त्याची बायको सपना सिस्टरला सहज म्हणाली, "मागे उत्तराला पुरळ आलं होतं. प्रार्थनेला सगळे जमलो, तिच्या डोक्यावर हात ठेवले. तीन दिवसांत बरी झाली बघा."

"सगळे म्हणजे कोण?"

"आम्ही, शेजारचे, आणि माझी नणंद लता. ती तर रात्रभर उत्तराला कुशीत घेऊन होती."

लताला तेव्हा दुसरा महिना होता. नंतर तिच्याही अंगावर बारीक पुरळ उठलं होतं, ते तिने घामोळं समजून सोडून दिलं. संघमित्राने माझा पट्टा इतका आवळला की टाका उसवला. तिने लताला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. उत्तराचं ते पुरळ रुबेलाचं होतं; मुलांना तो सौम्य असतो, पण पोटातल्या बाळाला घातक. आणि तो लताच्या बाळापर्यंत पोचला होता.

लताचा चैतन्य नऊ महिन्यांचा झाला तेव्हा ती त्याला लसीसाठी केंद्रात घेऊन आली. सोबत माणिक होता. माझं झाकण टेबलावर आपटलं. खोलीतली सगळी बाळं दचकली, दोन तर रडायला लागली. चैतन्य माझ्या निळ्या रंगाकडे बघत हसत राहिला.

माणिकने त्याच्या कानाजवळ टाळी वाजवली. मग पुन्हा वाजवली.

"नको रे दादा," लता म्हणाली. "डॉक्टरांनी तपासलंय. त्याला ऐकू येत नाही."

माणिक बाकावर बसला. मित्रांनो, इतकी वर्षं मला जे ओरडून सांगावंसं वाटत होतं, ते आज बोलते. आपली श्रद्धा जपा, प्रश्न विचारा, सिस्टरशी हवं तर भांडा. पण नकार देताना तुमच्या घरात कोण येतं, कोण कुणाला कुशीत घेतं, तेही बघा.

"मी पोटातल्या बाळांसाठीच नाही म्हणालो होतो गं," माणिक म्हणाला.

लताने चैतन्यला त्याच्या मांडीवर ठेवलं. "हाही पोटातच होता, दादा."