मागची सीट

बाबा गेल्यापासून आई कशालाच नाही म्हणत नव्हती, आणि गौरीला तेच सोसत नव्हतं. भाजी कुठली करू? "तुला हवी ती." घर विकायचं का? "तू म्हणशील तसं." म्हणून एका रविवारी गौरीने विचारून पाहिलं, "कयाक चालवायला येतेस?"

"चल," आई म्हणाली. तेही त्याच सुरात.

देवनहळ्ळीच्या पुढच्या तळ्यावर दोघींनी लाइफ जॅकेटं चढवली. त्रेसष्ट वर्षांची आई, प्रमोदिनी, निमूटपणे दोन सीटच्या होडीत मागे जाऊन बसली. सगळा संसार नवऱ्याच्या, दामोदरांच्या, स्कूटरवर ती मागेच बसत आली होती.

शिकवणारा नागराज कानडीत म्हणाला, "अम्मा, इथे मागे बसतो तोच ड्रायव्हर. पुढच्याने नुसतं वल्हं मारायचं. वळवायचं तुम्ही."

गौरी लगबगीने उठू लागली. "आई, तू पुढे ये, मी..."

"बस खाली. होडी हलते."

नागराजने होडी काठापासून आत ढकलली. आईला उजवीकडे जायचं होतं, म्हणून तिने उजवीकडेच जोर लावला. होडी डावीकडे वळून थेट जलपर्णीत घुसली.

"अम्मा, उलटं! स्वल्प निधाना, जरा हळू!" नागराज काठावरून ओरडला.

"सरी, सरी!" आई वल्ह्याला अडकलेली पानं झटकत म्हणाली. "म्हणजे उजवीकडे जायचं तर डावीकडून रेटायचं. कळलं."

"जमेल ना गं?"

"तुझ्या बाबांनी पहिल्याच दिवशी स्कूटर शेजाऱ्यांच्या तुळशीवर घातली होती. मी विचारलं का, जमेल का म्हणून?"

गौरी खळखळून हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. बाबा गेल्यापासून ती आईसमोर रडली नव्हती. आता आई समोर नव्हती. तिचं वल्हं थांबलं.

मागून आवाज आला, "रड हवं तर. पण हात थांबवू नकोस. तुझा हात बघून मी मारतेय."

गौरीने नाक पुसलं आणि वल्हं पाण्यात घातलं. मागचं वल्हंही त्याच क्षणी पडलं. होडी सरळ निघाली. मागे वळून बघता येत नव्हतं, पण प्रत्येक फटक्यासरशी आईच्या दंडातली ताकद तिला पाठीशी जाणवत होती. इतकी वर्षं ही कुठे होती?

काठावर शिट्टी वाजली.

"परतायचं?" गौरीने विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "आधी त्या खडकापर्यंत. आणि घर विकायचं नाही, आत्ताच सांगते."

मग तिने डावीकडून रेटा दिला आणि होडी अलगद उजवीकडे वळली.